बियांच्या बटणांचा कोट

"पैज लावतो, यातलं एक अक्षरही तुम्ही खरं मानणार नाही," एनॉक पर्डी म्हणाला आणि त्याने खुर्ची विस्तवाच्या बाजूला जरा पुढे ओढली. "मीसुद्धा मानलं नसतं. पण या दोन डोळ्यांनी पाहिलंय, आणि दोन्ही डोळे अजून शाबूत आहेत, त्याला मी काय करू?"

"दोन्ही शाबूत आहेत हाच चमत्कार, कॅप्टन," मागून कुणीतरी बोललं. "गेल्या वर्षी सांगितलंत तेव्हा तर एका डोळ्यातून गोळी शिरून कानातून बाहेर पडली होती."

"शिरली होती की! पण ती लांबून आलेली, दमलेली गोळी होती. आत आली, जरा टेकली, आणि निघून गेली. आभार मानायलाही थांबली नाही."

लोक हसले. एप्रिल महिना होता. सकाळी जुन्या शिपायांच्या कबरींवर फुलं वाहून झाली होती, पाद्रीबुवांचं लांबलचक भाषण झालं होतं, आणि आता टॅलो क्रीक गावातली झाडून सगळी माणसं कचेरीमागच्या ओकच्या सावलीत जेवणाची वाट बघत बसली होती. जमिनीत खणलेल्या लांब खड्ड्यावर कालपासून डुकरं भाजत होती. त्यांची चरबी निखाऱ्यावर ठिबकली की चर्र व्हायचं आणि पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं आवंढा गिळायची. शेजारी लोखंडी कढईत रस्सा रटरटत होता आणि पर्मेलिया नावाची बाई वल्ह्याएवढा लाकडी डाव दोन्ही हातांनी धरून तो ढवळत होती. सगळं गाव तिला मिली मावशी म्हणे. काळ्या बाईला नावापुढे 'बाई' लावायची पद्धत जॉर्जियात नव्हती, पण मावशी म्हणायला कुणाची हरकत नव्हती.

"मावशी, झालं का गं?"

"होईल हो. डुक्कर काही आता पळून जात नाही."

दक्षिणेच्या राज्यांचं उत्तरेशी चाललेलं ते मोठं युद्ध संपून चाळीस-बेचाळीस वर्षं झाली होती, पण एनॉक पर्डीची बढती काही थांबलेली नव्हती. युद्ध संपलं तेव्हा तो स्वतःच्याच तोंडाने साधा शिपाई होता. दहा वर्षांनी गावकरी त्याला सार्जंट म्हणू लागले, कारण साध्या शिपायाच्या हातून एवढे पराक्रम होणं शक्यच नव्हतं. मग लेफ्टनंट. आता कॅप्टन. अजून पाचसहा वर्षं जगता तर जनरल होऊनच मरता.

आणि आज त्याला पदक मिळणार होतं. दक्षिणेकडून लढलेल्यांना बायकांच्या मंडळातर्फे कांस्याचा क्रॉस द्यायचा प्रघात होता. दोन जुन्या शिपायांनी साक्ष द्यावी लागे. एनॉकचा एक साक्षीदार ठार बहिरा होता, त्याने कशावर मान डोलावली हे त्याला स्वतःला माहीत नव्हतं. दुसरा गेल्या थंडीत वारला होता, पण जाण्याआधी हो म्हणून गेला होता. तिसरा माणूस बॅस्कम, ज्याचा उजवा हात खरोखरच टेनेसीतल्या एका शेतात राहिला होता. त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "मी त्या बाजूला नव्हतो बुवा." एवढंच. आज तो पलीकडच्या झाडाला टेकून उभा होता. त्याने युद्धावर कधी चार वाक्यं सलग बोललेली कुणी ऐकली नव्हती, आणि एनॉक गोष्ट सांगताना त्या झाडाकडे बघायचं टाळायचा.

एनॉकने पदक नाकारून पाहिलं होतं. "माझ्यापेक्षा लायक माणसं पडली आहेत," असं तो मंडळाला दोनदा म्हणाला. त्याचा परिणाम एवढाच झाला की त्याच्या विनयाची बातमी शेजारच्या गावापर्यंत गेली.

खरं कारण सांगितलं असतं तर सुटला असता. पण मग थर्झा मोब्लीचं काय?

थर्झा पुढच्या रांगेत बसली होती. काळा पोशाख, मांडीवर निळी डबी, डबीत ते पदक. मंडळाची अध्यक्ष तीच, टाचणार तीच. तिचा भाऊ आन्सेल एनॉकचा लहानपणापासूनचा जिवलग. आईबापाविना वाढलेली ही दोन भावंडं; आन्सेलने तिला वाढवलं, लढाईवर गेला, आणि परत आला नाही. दरवर्षी थर्झा एनॉकची गोष्ट ऐकायला यायची. तोफा, बंदुका, तवे, कोंबड्या, हे सगळं ती शांतपणे सहन करायची. ती थांबलेली असायची शेवटच्या भागासाठी, ज्यात आन्सेल एनॉकच्या मांडीवर डोकं ठेवून जायचा. तो भाग आला की ती डोळे मिटायची आणि तिचे ओठ त्याच्या शब्दांबरोबर हलायचे. आज तिच्यासमोर एक शब्द खरा बोलला असता, तर तिचा भाऊ परत एकदा मेला असता, आणि या खेपेला एकटाच.

"तर आम्ही त्या टेकडीवर," एनॉकने सुरुवात केली. "मी आणि आन्सेल. पोटात अन्नाचा कण नाही. आणि समोरून आला तोफेचा गोळा. आन्सेल म्हणाला, एनॉक, तो तुझ्याकडेच येतोय रे. मी म्हटलं, येऊ दे, मी काही ओळखत नाही त्याला. पाठीला आईचा बिडाचा तवा बांधलेला होता. तो काढला, धरला पुढे. टण्ण! गोळा बसला तव्यात आणि लागला गरागरा फिरायला. मीही त्याच्याबरोबर फिरतोय. फिरता फिरता माझं तोंड उत्तरेकडे झालं, तेव्हा म्हटलं, जा बाबा आपल्या घरी. दिला सोडून. तो गेला तो थेट त्यांच्या जनरलच्या ताटात."

"मेला का जनरल?"

"मेला नाही. पण त्याने परत कधी मटार खाल्ले नाहीत. आणि इकडे तवा असा तापलेला, असा तापलेला, की आम्ही त्यावर अंडी तळली."

"अंडी कुठली आणली लढाईत?"

"अरे, जवळच एक कोंबडी होती. एवढा टण्णकन आवाज झाल्यावर बिचारी दुसरं काय करणार?"

पोट धरून हसले लोक. पर्मेलियाही हसली, तोंड फिरवून, जेवढं शोभेल तेवढं. मग तिने लाकडी बादलीतून पाण्याचा पेला भरून एनॉकच्या पुढे धरला. "घ्या मालक. घसा कोरडा पडला असेल."

एनॉकने पेला घेतला. तिच्याकडे बघितलं नाही. तिच्याकडे तो कधीच नीट बघत नसे, आणि त्यामागचं कारण त्याच्या कुठल्याही गोष्टीपेक्षा खरं होतं.

युद्धाच्या दुसऱ्या वर्षी कायदा निघाला होता: ज्या मळ्यावर वीस गुलाम असतील, तिथला एक गोरा पुरुष सक्तीच्या सैन्यभरतीतून सुटेल. गुलामांवर नजर ठेवायला घरी कुणी नको का? एनॉकचा बाप आधीच गेला होता. पर्डींच्या मळ्यावर एकोणीस होते. विसावा गुलाम उसना घ्यावा म्हणून आईने पाहुण्यांकडे माणूस पाठवला, पण त्या हंगामात जो तो आपले मोजत बसला होता. राहता राहिली त्या एकोणिसांतलीच किझाया, जिचे दिवस भरले होते.

त्या सकाळी एनॉक किझायाच्या खोपटाबाहेर लाकडं फोडायच्या ओंडक्यावर बसून होता. अंगणात दव गोठलं होतं. खोपटातून कण्हणं येत होतं आणि रस्त्याकडून अजून भरतीवाल्यांच्या गाडीचा आवाज येत नव्हता. उभ्या जन्मात त्याने एवढी कळकळीची प्रार्थना केली नव्हती. देवा, गाडीच्या आधी येऊ दे. आत बाई जगते की मरते हे त्याने देवाला विचारलंसुद्धा नाही. म्हातारी सुईण दारात येऊन म्हणाली, "मालक, घाई करून हे होत नसतं." तर तिच्यावर खेकसला, "मग कशाने होतं ते कर!"

बाळ आणि गाडी जवळजवळ बरोबरच आली. भरती अधिकाऱ्याने सगळ्यांना अंगणात रांगेने उभं केलं आणि काठीने एकेका डोक्याला स्पर्श करत निघाला. अठरा झाले आणि काठी थांबली.

"आणखी आहेत," एनॉक म्हणाला.

"मग रांगेत आणा. मी खोपटात जाऊन मोजत नाही."

आणि एनॉकने किझायाला बाहेर आणवलं. दोन बायकांनी काखेत धरून तिला रांगेच्या टोकाला उभी केली. पायांवरून रक्ताचे ओघळ घोट्यापर्यंत आले होते आणि त्या थंडीत त्यांतून वाफ निघत होती. काठी तिच्या डोक्याला लागली. एकोणीस. मग एनॉकने सुईणीच्या हातून ते ओलं, निळं पडलेलं पोर घेतलं आणि दोन्ही हातांनी वर धरलं.

पोर रडेना.

"मेलेलं मी धरत नाही," अधिकारी म्हणाला.

गाडीत, आधीच्या घरांतून गोळा केलेल्या पोरांमध्ये, आन्सेल मोब्ली बसला होता. त्याच्याकडे ना मळा, ना माणूस. जमिनीचा एक तुकडा आणि बहीण. त्याच्या दारी मोजायला कुणी काठी काढली नव्हती. त्याने अंगातला कोट काढला, नवाकोरा, थर्झाने घरी विणलेला, आणि गाडीतून खाली फेकला. "गुंडाळ की रे त्याला, एनॉक! गारठलंय ते!"

गुंडाळल्यावर पोर रडलं. असं रडलं की घोडे बिचकले.

"वीस," अधिकारी म्हणाला.

आणि एनॉक हसला. मोठ्याने हसला, रांगेत उभ्या असलेल्या त्या बाईच्या समोर, गाडीत बसलेल्या त्या मित्राच्या समोर. ते हसू त्याच्या कानात अजून होतं. गाडी निघाली तेव्हा आन्सेल शर्टाच्या बाह्या खाली ओढत ओरडला, "कोट सांभाळून ठेव बाबा, नाहीतर थर्झा मला घरात घ्यायची नाही!" एनॉकच्या अंगात तेव्हा स्वतःचा जाड लोकरी कोट होता. तो काढून गाडीत द्यावा हे त्याला सुचलंच नाही. सुचलं ते संध्याकाळी, शेकोटीजवळ बसल्यावर.

आन्सेल पुढच्या उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियातल्या एका टेकडीवर मेला. कसा, कुणाला ठाऊक नाही. एनॉकला शेवटी शेवटी, सगळंच कोसळू लागलं तेव्हा, गृहरक्षक दलात ओढलं. तिथे तो काही आठवडे एका पुलावर बसला, त्या पुलावरून उत्तरेचं सैन्य गेलं नाही, एक गाय तेवढी गेली. आन्सेल निघाल्यापासून थर्झा अलाबामातल्या मावशीकडे होती; युद्ध संपल्यावर ती परत आली आणि पहिला प्रश्न तिने एनॉकला विचारला, "तू होतास ना रे त्याच्याजवळ?" तो नाही म्हणायला गेला. तोंडातून आलं, "माझ्या मांडीवर गेला." तिथून पुढे थापांना मरणच नव्हतं. त्या एका थापेला आडोसा म्हणून तवा आला, कोंबडी आली, दमलेली गोळी आली. लोक हसत राहिले की कुणी खोलात जात नाही, हे त्याला लवकरच कळलं. गोऱ्यांपैकी ज्यांना ठाऊक होतं, त्यांच्याही घरात असंच काहीबाही झाकलेलं होतं. आणि बाकीचे ज्यांना ठाऊक होतं, ते खड्ड्याशी लाकडं सारत होते आणि रस्सा ढवळत होते, त्यांना कुणी विचारणार नव्हतं.

"पुढे सांग, एनॉक," थर्झा म्हणाली.

त्याने पेला खाली ठेवला. आवाज आपोआप खाली आला. पुरुषांनी टोप्या काढल्या. त्याने आन्सेलला मांडीवर घेतलं, त्याच्या ओठांना पाणी लावलं, त्याच्याकडून बहिणीची आठवण काढवली. थर्झाचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते. नेहमीच्या जागी तो थांबला. नेहमी इथे लोक नाक शिंकरायचे आणि जेवणाची घंटा व्हायची.

थर्झाने डोळे उघडले. डबी उघडली. क्रॉस हातात घेऊन ती उठली, त्याच्या समोर येऊन उभी राहिली, आणि कोटाच्या छातीवर जागा चाचपता चाचपता थबकली.

"एक विचारू? इतकी वर्षं धीर झाला नाही."

"विचार की."

"त्याच्या अंगात कोट होता का रे? मी केलेला? तो निघाला त्या दिवशी हिव पडलं होतं. मला सारखं वाटतं, दुसऱ्या कुणी ढापला असेल, बिचारा कुडकुडत गेला असेल. वेडेपणा आहे, मला कळतं. उन्हाळ्यात मेला तो. तरी वाटतं."

एनॉकला तिचा हात छातीवर हलका लागत होता. त्याला वाटलं, एक शब्द. फक्त 'नाही' म्हणायचं. नव्हता गं, माझ्यामुळे नव्हता. त्याने तोंड उघडलं. बॅस्कम झाडाखालून बघत होता. थर्झा बघत होती.

"होता तर," एनॉक म्हणाला. "अंगातच होता. त्यातच पुरला मी त्याला. वरपासून खालपर्यंत सगळी बटणं माझ्या हाताने लावली."

थर्झाने जोरात श्वास सोडला, जसा काही बेचाळीस वर्षं धरून ठेवला होता. डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. पदकाची टाचणी तिने त्याच्या कोटात टोचली.

रस्सा ढवळायचा आवाज थांबला.

पर्मेलियाने डाव कढईच्या काठाला टेकवला. हात एप्रनला पुसले, जरा जास्तच वेळ पुसले. तिने समोरचे चेहरे एकेक करून पाहिले, गोरे पुरुष, गोऱ्या बायका, पलीकडे लाकडं घेऊन उभा असलेला तिचा थोरला, जो मानेनेच तिला नको म्हणत होता. मग ती थर्झाकडे वळली. आवाज गोड, जेवण वाढताना असायचा तसाच.

"थर्झाबाई, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"मावशी, तू रस्सा बघ," एनॉक म्हणाला.

"बघते की मालक, लागत नाही तो. बाई, तो कोट अक्रोडाच्या सालीत रंगवलेला होता का? तपकिरी? आणि डावी बाही उजवीपेक्षा बोटभर आखूड?"

थर्झा वळली. "सूत संपलं होतं," ती सावकाश म्हणाली. "तुला कुणी सांगितलं? मी तर हे कधी कुणाजवळ..."

"बटणं पर्सिमनच्या फळातल्या बियांची. भोकं पाडलेली."

"बाजारात बटणं मिळत नव्हती तेव्हा. मी सुईने कोरली होती."

"एक कमी आहे, बाई. ते माझ्या थोरल्याने गिळलं, तान्हा होता तेव्हा. बाकी सगळी जागच्या जागी आहेत. माझं प्रत्येक लेकरू जन्मल्यावर पहिल्यांदा त्याच कोटात गुंडाळलं, आता नातवंडं गुंडाळते. माझी आई किझाया दर वाढदिवसाला सांगायची मला: तू निळी पडली होतीस, रडेनास, तेव्हा गाडीत बसलेल्या पोराने अंगातला कोट काढून दिला. मोब्लींचा आन्सेल. त्याचं नाव घेत जा, म्हणायची. इतकी वर्षं मनात होतं की तुमच्या भावाने काय केलं ते तुम्हाला सांगावं, पण आम्ही कुठल्या तोंडाने सांगायचं? मला वाटायचं, कधीतरी मालकच सांगतील."

चरबी निखाऱ्यावर ठिबकली. कुणी आवंढा गिळला नाही.

"गाडी कुठे होती?" थर्झाने विचारलं.

"पर्डींच्या अंगणात, बाई. मोजणी चालली होती. मी विसावी. मालकांनीच मला वर धरलं होतं."

पन्नाशीच्या पुढचं जे कुणी तिथे बसलं होतं, त्याला मोजणी म्हणजे काय हे सांगावं लागलं नाही. बॅस्कमने एका हाताने टोपी डोक्यावर ठेवली. एनॉक हसायला गेला. कोंबडीसारखं काहीतरी, तव्यासारखं काहीतरी तोंडात येईल म्हणून त्याने वाट पाहिली. काही आलं नाही. छातीवर तिरका लटकणारा क्रॉस श्वासागणिक वरखाली होत होता.

थर्झा त्याच्याकडे बघत होती, लहानपणी आन्सेल खोटं बोलायचा तेव्हा बघायची तशी. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात म्हणाली,

"ज्या कोटाची बटणं तू लावलीस, तो कोट हिच्या घरी आहे, एनॉक. तू त्या टेकडीवर नव्हतासच. तू घरी होतास."